आधी कारण, मग बिल

सोलापूरकरांच्या गाडीची वॉरंटी बहुतेक वेळा वर्षांनी संपत नाही, किलोमीटरने संपते. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी हैदराबादेत दिलेली, सासुरवाडी विजापूरच्या बाजूला. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट तर घरचं अंगणच. पुणे जाऊन-येऊन ५०० किलोमीटर. आठवड्याला एक फेरी धरली तरी वर्षाला २५ हजार किलोमीटर नुसत्या पुण्याचेच झाले. 'दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते' अशी वॉरंटी असलेली गाडी या हिशोबाने एकोणीस महिन्यांत वॉरंटीबाहेर पडते. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी जुलै २०२४ पर्यंत अशीच होती, पुढे ती तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर झाली. आधी गाडी घेतलेल्यांनी वाढीव वॉरंटी घेतली नसेल, तर त्यांच्या पुस्तिकेत जुनाच आकडा आहे.

अशी गाडी वॉरंटी संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांत मोठं काम काढते तेव्हा काउंटरवरचा ॲडव्हायझर ठरलेली दोन वाक्यं बोलतो. "साहेब, गाडी वॉरंटीच्या बाहेर आहे" आणि "एस्टिमेटवर सही करा, पार्ट मागवून घेतो." पहिल्या वाक्याने माणूस खचतो आणि त्याच्या भरात दुसऱ्यावर सही करून मोकळा होतो. माझा आग्रह एवढाच, की या दोन वाक्यांच्या मध्ये आपलं एक वाक्य घाला: "पार्ट कशामुळे गेला ते लिहून द्या." किती खर्च येणार हा प्रश्न त्यानंतरचा. खर्च कंपनीने करायचा, सर्व्हिस सेंटरने, विमा कंपनीने की आपण, हे वॉरंटीच्या तारखेवर जितकं ठरतं त्याहून जास्त बिघाडाच्या कारणावर ठरतं. 'वॉरंटी संपली' हे कारण नव्हे. ती फक्त तारीख आहे.

सहीची घाई करू नका, याला कायद्याचाही आधार आहे. गॅरेजला काम सांगितलं, त्याने ते केलं, की मेहनतान्याचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क त्याला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने दिलेला आहे. म्हणजे आधी सही करायची आणि गाडी तयार झाल्यावर बिलावरून वाद घालायचा, हा मार्ग आपल्या तोट्याचा. गाडी त्यांच्या आवारात, पुण्याला जायची तारीख डोक्यावर, आणि घासाघीस आपण करायची. जोर हवा असेल तर तो सहीच्या आधीच. गाडी उघडून बघायला, म्हणजे तपासणीला तेवढी संमती द्या. जॉब कार्डावर 'फक्त तपासणी, दुरुस्तीला मंजुरी नाही' असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तपासणीची मजुरी लागेल, ती द्यावी. ते पैसे वाया जात नाहीत.

आता एक मोठा बिघाड जवळून बघू. डिझेल गाडीचा टर्बो घेऊ, कारण हायवेवर पळणाऱ्या गाडीत तो गेला की आकडा मोठा येतो, आणि कारणं शोधायची कशी हे त्यावरून चांगलं कळतं.

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे फिरतो. एवढ्या वेगात तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. थर तुटला की दांडा घासतो, हलायला लागतो, सील सोडतो, आणि इंजिनातलं ऑइल हवेच्या पाइपात उतरतं. मागून निळा धूर येतो, पिकअप जातो, शिट्टीसारखा आवाज येतो. एस्टिमेटवर एकच ओळ असते: 'टर्बोचार्जर असेंब्ली, बदली'. कारणाचा रकाना कोरा.

टर्बो काढल्यावर फोरमनला सांगून तो हातात घ्या. हवा आत घेणाऱ्या बाजूचं पातं बघा. कडा तुटलेल्या, खरवडलेल्या असतील तर बाहेरून काही तरी आत गेलं आहे. म्हणजे एअर फिल्टर फाटलेला होता, किंवा मागच्या सर्व्हिसिंगला फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट बसवली नव्हती. पाती शाबूत पण दांडा तापून निळसर-काळा झालेला असेल तर ऑइल पोचलेलं नाही. मग पुढचा प्रश्न: ऑइल वेळेवर बदललं होतं का? बदललं असेल तर टर्बोला ऑइल नेणारी नळी आतून काजळीने बुजली होती का? दोन्ही ठीक असेल, सर्व्हिसिंगच्या नोंदी सरळ असतील आणि गाडी ७० हजारांच्या आत असेल, तर संशय भागावर जातो. आणि सीना नदीच्या पुरात लांबोटीजवळ गाडी पाण्यात घातली होती, तेव्हापासून कुरकुरते आहे, असं असेल तर गोष्ट आणखी वेगळी.

एकच टर्बो, आणि खिसे चार. क्लिप सुटी राहिली असेल तर ती सर्व्हिस सेंटरची चूक. ऑइल लांबवलं असेल तर आपली. भागच कच्चा असेल तर कंपनीकडे दाद मागायची, आणि पाणी गेलं असेल तर विमा कंपनीकडे. शिवाय कारण न शोधता नवीन टर्बो बसवला आणि ती बुजलेली नळी तशीच ठेवली, तर नवीनही जाणार. जाणता मिस्त्री टर्बो बदलताना नळी, ऑइल आणि फिल्टर हे सगळं नवीन करतो आणि इंटरकूलर धुऊन घेतो, तो याचसाठी.

हीच रीत दुसऱ्या बिघाडांना लावा. हेड गॅस्केट गेलं, इंजिन तापलं, तर ते कशामुळे तापलं ते शोधा. सोलापूरचा उन्हाळा ४३-४४ अंशांचा, आणि कूलंटच्या जागी बोअरचं जड पाणी ओतण्याची आपल्याकडची सवय जुनी. रेडिएटरमध्ये पांढरा थर बसलेला दिसला की कंपनीचा माणूस फोटो काढून घेतो आणि तुमचा दावा तिथंच संपतो. उलट वॉटर पंपाचा सील गळून कूलंट गेलं असेल, तर मूळ दोष पंपाचा, आणि हेडचं नुकसान त्याच्या मागून आलेलं. नोझल किंवा पंप गेला की 'भेसळीचं इंधन' हे उत्तर तयार असतं. त्यावर तुमच्याकडे नेहमीच्या पंपाच्या पावत्या असल्या तर बोलायला जागा राहते. फिल्टर पेपरने आणि घनता मोजून पेट्रोल-डिझेल तपासून मागायचा ग्राहकाला अधिकार आहे, पण तो कुणी वापरत नाही.

कारण हातात आल्यावर पैसे काढायच्या आधी आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्या मॉडेलचा रिकॉल निघाला आहे का. चासिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की कळतं. रिकॉलचा वॉरंटीच्या तारखेशी संबंध नसतो. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मध्ये सिआझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या पेट्रोल गाड्या परत बोलावल्या. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या त्या १,८१,७५४ गाड्यांचं मोटर जनरेटर युनिट तपासून लागेल तिथं फुकट बदलून द्यायचं होतं. त्यातल्या २०१८ च्या गाड्यांची दोन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली होती. ते युनिट रिकॉलच्या आधी खिशातून बदलून घेतलेल्या माणसाने जुनं बिल जोडून परतावा मागायला काहीच हरकत नाही. विचारल्याशिवाय मात्र कुणी देत नाही.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत चालवणाऱ्याला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका पोचवणारा दोष असेल तर वाहन पोर्टलवर तशी तक्रार नोंदवता येते. स्टिअरिंग, ब्रेक, चालत्या गाडीत बंद पडणारं इंजिन अशा गोष्टींना हे लागू. एसी थंड करत नाही म्हणून तिथं जाऊ नका.

विम्याचंही याच वेळी बघून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, आणि जिल्ह्यात किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आपण पाहिलं. अशा गाडीत पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. मालक किल्ली फिरवतो, पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी फुल इन्शुरन्स पॉलिसी हे इंजिनाचं नुकसान सहसा नाकारते, कारण पाण्यात किल्ली फिरवणं ही मालकाची कृती. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन'चं जोडकव्हर लागतं. म्हणून पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघायची नाही, टो करूनच न्यायची. आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत इंजिन उघडू द्यायचं नाही. उघडल्यावर सांगितलेलं विमा कंपनी ऐकत नाही.

बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी गाडीच्या कंपनीची नसते, ते बनवणाऱ्यांची वेगळी असते. इलेक्ट्रिक गाडीत मुख्य बॅटरीची वॉरंटी गाडीच्या वॉरंटीपेक्षा कितीतरी लांब, अनेक मॉडेल्सना आठ वर्षांची. पुस्तिकेचं ते पान एकदा वाचून ठेवायचं, बस्स.

गुडविल मागायचं कसं

वॉरंटी संपून थोडेच दिवस झालेत, सर्व्हिसिंग नीट आहे आणि भाग अवेळी गेला आहे, अशा वेळी कंपन्या खर्चाचा काही वाटा उचलतात. वर्कशॉपच्या भाषेत त्याला 'गुडविल' म्हणतात. हा हक्क नाही. पण मागितल्यावर मिळतो आणि न मागितल्यावर अजिबात मिळत नाही, अशा गोष्टींपैकी हा आहे. बाहेरच्या देशांत याची मोठी रूपंही दिसली आहेत. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये चीनमध्ये आपल्या डीएसजी गिअरबॉक्सची वॉरंटी वाढवून दहा वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर केली, ती तिथल्या ग्राहकांनी तक्रारींचा ढीग लावल्यावर. एकट्यादुकट्याने नशिबाला बोल लावला असता तर हे झालं नसतं.

ॲडव्हायझरकडे गुडविलचा अधिकार नसतो, त्याच्यावर राग काढून काही उपयोग नाही. डीलर आणि कंपनी या दोन वेगळ्या संस्था आहेत. डीलरकडे कंपनीचा विभागीय सर्व्हिस मॅनेजर ठरावीक दिवशी येतो. तो केव्हा येणार ते विचारा आणि त्याने गाडी प्रत्यक्ष बघावी असा आग्रह धरा. तोवर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्या. नुसता फोन केला तर हातात काही राहत नाही. पत्र लांबलचक नको, त्यात शिव्याशाप नकोत, 'मी तुमचा जुना ग्राहक' हेही एका ओळीपलीकडे नको. साधारण असं चालेल:

"माझी गाडी (नोंदणी क्रमांक, चासिस क्रमांक) मी अमुक तारखेला घेतली. वॉरंटी अमुक तारखेला संपली आणि हा बिघाड त्यानंतर इतक्या दिवसांनी, इतक्या किलोमीटरवर निघाला. सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात वेळेवर झाले असून नोंदी सोबत जोडल्या आहेत. याच तक्रारीची नोंद वॉरंटीच्या काळातील अमुक तारखेच्या जॉब कार्डावर आहे. वर्कशॉपने बिघाडाचे कारण पुढीलप्रमाणे दिले आहे. इतक्या वापरात हा भाग निकामी होणे अपेक्षित नाही. भागाची पूर्ण किंमत कंपनीने सोसावी, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा आणि तोपर्यंत काढलेला भाग वर्कशॉपने जपून ठेवावा."

'पूर्ण किंमत' मुद्दाम लिहायची. निम्म्यापासून मागायला सुरुवात केली तर पाव पदरात पडतं. भागाचं कंपनीशी ठरलं की मजुरी सोडायला डीलरला म्हणता येतं, कारण मजुरी त्याच्या हातातली असते. आपल्याकडच्या शोरूममध्ये "बघा की हो साहेब, काय तर करा" असं गोड बोलूनही काम होतं, यात शंका नाही. पण गोड बोलणं तोंडी आणि मागणी लेखी, दोन्ही एकाच वेळी चालू द्या.

या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य जुन्या जॉब कार्डाचं. वॉरंटीत असताना 'गिअर टाकताना झटका बसतो' म्हणून सांगितलं होतं, ॲडव्हायझरने 'चेक केले, नॉर्मल' असं लिहून गाडी परत दिली, आणि वॉरंटी संपल्यावर तोच गिअरबॉक्स बसला. अशा वेळी दोष वॉरंटीतच सुरू झाला होता याचा पुरावा तुमच्या फाइलमध्ये आहे. म्हणून ज्यांची वॉरंटी अजून चालू आहे त्यांनी ती संपण्याच्या दोनेक महिने आधी गाडी एकदा लिफ्टवर घ्यावी. ऑइल कुठे ओलं दिसतं का, स्टिअरिंग रॅक, इंजिनाचे माउंटिंग, शॉकॲब हे सगळं खालून बघावं. सकाळी थंड इंजिनाला आवाज येत असेल तर गाडी रात्री वर्कशॉपलाच ठेवावी, कारण तिथवर चालवत नेईपर्यंत इंजिन तापतं आणि आवाज गायब होतो. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायला लावायची. 'जनरल चेकअप' असं लिहिलेलं जॉब कार्ड पुढे कसल्याही कामाला येत नाही.

वाढीव वॉरंटीचाही निर्णय त्याच सुमारास करावा. मूळ वॉरंटी संपल्यावर ती सहसा मिळत नाही, मिळाली तर महाग आणि तपासणीनंतर. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, रबरी बुश हे झिजणारे भाग तिच्यात नसतात. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो असलेली, हायवेवर पळणारी गाडी असेल तर मी ती घ्याच म्हणेन. शहरात सात रस्ता ते नवी पेठ एवढीच फिरणारी साधी पेट्रोल गाडी असेल तर तेच पैसे बाजूला टाकलेले बरे.

बाहेरच्या गॅरेजमध्ये

गुडविलला नकार आला, किंवा वाटा फारच थोडा मिळाला, तर गाडी अधिकृत केंद्रातच दुरुस्त केली पाहिजे असं काही नाही. वॉरंटी संपल्याचा हा एक फायदाच. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात १४ मोटार कंपन्यांना २,५४४.६४ कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका असंही आयोगाने सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. आज परिस्थिती अशी आहे की बरेचसे भाग बाजारात मिळतात, आणि सोलापुरात नसला तर पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होतो.

फरक कुठे पडतो ते टर्बोवरूनच सांगता येईल. अधिकृत केंद्र अख्खी असेंब्ली बदलतं, कारण तसाच त्यांचा नियम. टर्बोचंच काम करणारा मिस्त्री बाहेरचं घर चांगलं असेल तर आतला 'कोअर' तेवढा बदलतो आणि बॅलन्स करून देतो. खर्च बराच खाली येतो. मेकाट्रॉनिक, ईसीएम, एसी कॉम्प्रेसर, नोझल यांचीही अशी वेगवेगळी माणसं असतात. गल्लीतला सर्वज्ञ मिस्त्री आणि एकाच गोष्टीचा तज्ज्ञ यांत मोठ्या कामासाठी नेहमी दुसरा निवडावा, मग त्यासाठी गाडी टेम्पोवर घालून पुण्याला न्यावी लागली तरी. स्कॅनरवर आलेल्या एरर कोडचा फोटो आणि अधिकृत केंद्राचं एस्टिमेट त्याला दाखवा, पण आपलं निदान त्याच्या तोंडात घालू नका. तो स्वतः काय म्हणतो ते ऐका. पार्ट कंपनीचा, कंपनीला माल पुरवणाऱ्याचा की लोकल, हे बिलावर लिहून घ्या. बिल जीएसटीचं पक्कंच घ्या, कच्च्या चिठ्ठीवर पुढे कुठेच दाद लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ होता. जुन्या दराने काढलेलं एस्टिमेट कुणी पुढे सरकवलं तर तेवढं बोट ठेवायचं.

एस्टिमेट कुठलंही असो, त्यातल्या मुख्य कामाभोवतीच्या ओळी वाचा. इंजिन क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, व्हील अलाइनमेंट, एसी डिसइन्फेक्शन, 'कन्झ्युमेबल्स'. टर्बोसाठी आलेल्या गाडीचं अलाइनमेंट कशाला? अशा ओळींवर काट मारून मगच सही करावी. जुना भाग परत मागावा. तो तुमच्या मालकीचा आहे, आणि वाद पुढे गेला तर पुरावाही तोच.

आयोगाची पायरी

दोष कंपनीचा किंवा सर्व्हिस सेंटरचा आहे असं कागद सांगतात आणि समोरचा ऐकत नाही, अशा वेळी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि मोठ्या कंपन्यांपर्यंत तक्रार थेट पोचते. तिथं निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ची यातली सोय अशी, की कंपनी गुरुग्रामची असो वा चेन्नईची, तुम्ही सोलापुरात राहता म्हणून तक्रार सोलापूरच्या आयोगात करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचं. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. नऊ लाखांच्या गाडीच्या दोषाची तक्रार २०० रुपयांत दाखल होते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, वकील लागतोच असं नाही. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं. गाडी धंद्यासाठी घेतलेली असेल तर अडचण येते. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला मात्र कायद्याने ग्राहकच मानलं आहे.

काय मागावं, याचाही विचार हवा. 'नवीन गाडी द्या' ही मागणी ऐकायला जोरदार, टिकायला अवघड. मारुती उद्योगच्या क्लचच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सांगितलं, की वॉरंटीत दोषी भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं वचन आहे, गाडी बदलून द्यायचं नाही. तेव्हा भागाची किंमत, मजुरी, गाडी बंद असतानाचा प्रवासखर्च आणि थोडी भरपाई, एवढंच नेमकं मागितलेलं बरं. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची, ६२२ किलोमीटर पळालेली गाडी विकली गेली. त्यातही सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये डीलरची चूक टाटा मोटर्सवर आपोआप टाकायला नकार दिला. म्हणून तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा आणि कुणी काय चुकवलं ते वेगवेगळं लिहा. वॉरंटीनंतरची सर्वांत भक्कम तक्रार बहुतेक वेळा 'सेवेतील त्रुटी'ची असते. पैसे घेऊन केलेलं सर्व्हिसिंग नीट झालं नाही, या तक्रारीला गाडीच्या वॉरंटीची तारीख आड येत नाही.

'उत्पादनातील दोष' म्हणायचा असेल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोग भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण स्वतःचा अहवाल आधी असलेला चांगला. परवानाधारक मोटार सर्व्हेअर, शासकीय तंत्रनिकेतन किंवा वालचंद इन्स्टिट्यूटच्या मेकॅनिकल विभागातला जाणकार, अशा ठिकाणी विचारून पाहता येईल. तक्रार लिहायला ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मदत करतात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ही चळवळ सुरू केली, तेव्हापासूनचा त्यांचा अनुभव आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने अशी मुदत आहे. ती कागदावरची. म्हणून दहा-बारा हजारांच्या वादासाठी मी आयोगाची पायरी चढणार नाही, गुडविलचं पाव-अर्धं घेऊन मोकळा होईन. ऐंशी हजारांसाठी चढेन.

आयोगात जायचं ठरलं तरी गाडी तोवर बंद ठेवणं परवडत नसेल, तर पैसे भरून गाडी सोडवा. भरताना बिलावर 'हरकत राखून रक्कम भरली' असं लिहा, तारीख घाला आणि तेच त्याच दिवशी ईमेलनेही कळवा. मुकाट्याने भरलेलं बिल पुढे तुमच्याच विरोधात वाचलं जातं.

आता पैसे आणायचे कुठून. ऐंशी हजारांचं बिल क्रेडिट कार्डावर मारून 'बघू नंतर' म्हटलं तर महिना साडेतीन टक्क्यांच्या दराने एका महिन्याचं व्याज २,८०० रुपये, वर त्या व्याजावर जीएसटी. तेच ऐंशी हजार १५ टक्के दराने बारा हप्त्यांत फेडले तर हप्ता साधारण ७,२२० आणि वर्षभराचं सगळं व्याज सुमारे ६,६५०. म्हणजे कार्डाचे दोन-अडीच महिने आणि कर्जाचं एक वर्ष सारखंच. पतसंस्था, नागरी सहकारी बँक, सोनेतारण यांचे दर एकदा विचारून घ्या. डीलरच्या काउंटरवरची 'नो कॉस्ट ईएमआय' असेल तर प्रोसेसिंग फी किती ते विचारा. आणि बिल गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जात असेल तर गाडी आहे तशी विकून किती येतात, याचाही एक भाव काढून ठेवा. घरातल्यांना आवडत नाही, पण काढावा.

गाडी तयार झाल्यावर ताब्यात घेण्याआधी ॲडव्हायझरला किंवा मिस्त्रीला शेजारी बसवून चालवा. होटगी रोडवरची एक चक्कर पुरत नाही. टर्बो, क्लच, गिअरबॉक्स यांना चढ लागतो, तेव्हा जमलं तर तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन या. बसवलेल्या भागावर आणि केलेल्या कामावर किती महिने, किती किलोमीटरची हमी, ते बिलावर शिक्क्यासह लिहून घ्या. आठवडाभर गावातच चालवा, मग गाडी पुन्हा लिफ्टवर घेऊन खालून ऑइल-कूलंटचे थेंब आहेत का ते बघा, आणि त्यानंतरच पुण्याचा रस्ता धरा.